गॅदरिंग होऊ दे, मग बघू

दादा,

तुझ्या तिरडीच्या डाव्या हाताला नेपाळ उभं होतं, उजव्या हाताला टांझानिया आणि डोक्याशी थायलंड. ऋषभने तुला शाळेच्या मैदानावर दर्शनाला ठेवलं आणि बापाला हार घालायच्या आधी परदेशी मुलांना पुढे घेतलं. त्याला कुणी सांगावं लागलं नाही. तुझाच मुलगा तो. फोटोवाला स्टुलावर चढला आणि म्हणाला, "थायलंडवाली बेबी, जरा और नजदीक." नोई आणखी एक पाऊल सरकली. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. मला खात्री होती, आता तू एक डोळा उघडशील आणि म्हणशील, "मंदे, तिला उजेडात घे. मागं काळोख पडलाय."

नाही उघडलास. तेव्हा मला पटलं की तू खरंच गेलास.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण अर्धं आयुष्य मी पालघरात ड्रेपरीचं दुकान चालवलं आहे. शाळांच्या गॅदरिंगला कपडे भाड्याने देते. जिरेटोप, पागोटी, पऱ्यांचे पंख, वाघाच्या शेपट्या. टोप उतरवून वडापावसाठी रांगेत उभे राहणारे राजे मी इतके पाहिलेत की कुणी गेलं म्हणून मला लगेच हात जोडता येत नाहीत. आणि तुझ्याबद्दल मी वाईट बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? बाकी सगळ्यांना पोरांची ॲडमिशन हवी आहे.

तेव्हा ऐक. मी बोलतेय आणि तुला मधे तोंड घालता येत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालंय. मी ते पुरेपूर उपभोगणार आहे.

आधी तुझं कौतुक करून टाकते, म्हणजे पुढे अडचण नको. आपण दातिवऱ्याचे, मासेमारांच्या घरातले. बाप वारा बघून होडी सोडायचा. तू बोईसरला, कुंभवलीच्या पलीकडे, कारखान्यांच्या वासाच्या हद्दीत शाळा बांधलीस आणि वारा बघून पालक बोलावलेस. वारा समुद्रावरून असला की फोन जायचे, "आज या, कॅम्पस दाखवतो." वारा फिरला की, "आज परीक्षा आहेत, उद्या या." तुझ्या माहितीपत्रकात 'निसर्गरम्य परिसर' असं छापलेलं होतं आणि आलेल्या एकाही पालकाला तिथे कधी नाक दाबावं लागलं नाही. बापाची विद्या अशी कामी आणणारा दुसरा कुणी मी पाहिला नाही. टाळ्या.

शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' तू आधी घातलंस आणि नंतर विसरलास. सगळं ठीक चाललं होतं. मग एकदा कारखान्याच्या कॉलनीतल्या एका इंजिनिअरच्या बायकोने भर सभेत उठून विचारलं, "सर, इंटरनॅशनल म्हणजे बाहेरच्या देशांतली मुलं आहेत का इथे?" मी मागे पऱ्यांचे पंख मोजून घेत होते. तू आधी टायची गाठ घट्ट केलीस. मग तू हसलास आणि म्हणालास, "येणार आहेत."

आली. आधी नेपाळचे दोघे भाऊ आले. गुणी, अभ्यासू, खेळात पुढे. तू त्यांना आठवडाभर मिरवलंस आणि मग माझ्या दुकानात येऊन डोकं धरून बसलास.

"नेपाळ मोजत नाय लोकं, मंदे. आपला वॉचमन पण नेपाळचा हाय."

मग टांझानियाचा जिग्नेश आला. त्याच्या पणजोबांपासून सगळे तिकडचेच, पासपोर्ट तिकडचा, पण चेहरा बघावा तर वापीचा. तू त्याला स्टेजवर उभं केलंस आणि म्हणालास, आता हा आपल्या मातृभाषेत दोन शब्द बोलेल. तो घाबरून गुजरातीत बोलला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने त्याला तिथूनच उत्तर दिलं, वर त्याचं गाव विचारलं. दोघांची गप्पांची मैफल रंगली. तू माईक हातात धरून उभा होतास. दादा, तुझ्या आयुष्यातला हा माझा सगळ्यात आवडता प्रसंग. आठवला की मी अजून एकटी हसते.

आणि मग नोई आली. नववीत. कुणा एजंटाच्या ओळखीने, थायलंडच्या दक्षिणेकडच्या एका लहानशा बंदरावरून. आई बँकॉकला हॉटेलात कामाला, बाप नाही, वाढवलेलं आजीने. पोरगी इंग्रजी शिकेल, मोठ्या हॉटेलात लागेल, म्हणून आईने पोटाला चिमटा घेऊन तुझी फी भरली. तिला बघून तुझे डोळे असे चमकले, जसे बापाचे जाळ्यात सोन्याच्या भावाचा घोळ मासा आला की चमकायचे.

कारण नोई दुरून ओळखू येत होती. बाकी तिच्यात काय आहे, हे तू कधी पाहिलं नाहीस.

पहिल्या वर्षी ती थायलंड होती. पुढच्या ओपन डेला तू म्हणालास, "मंदे, एकच देश बरा दिसत नाय." मग मी तिला जपान केलं. जपान म्हणजे काय, द्रौपदीचा शेला उलटा नेसवला आणि पाठीला उशी बांधली. नोई आरशात बघून म्हणाली, "आत्या, जपान उशी नाय." ऋषभ मला आत्या म्हणतो, म्हणून तीही म्हणायची. मी म्हटलं, बोईसरात जपानला उशी असते. मग कोरिया झाला, व्हिएतनाम झाला, झाशीच्या राणीचा अंगरखा घालून मंगोलिया झाला. स्टेजवर एका बाजूने ती चीन म्हणून जायची, मागे माझ्याकडे पळत यायची, मी पिना काढायचे, घालायचे, आणि दुसऱ्या बाजूने ती इंडोनेशिया म्हणून यायची. घामाघूम. तुझ्या पत्रकात छापून आलं, 'नऊ देशांचे विद्यार्थी'. त्यातल्या सात देशांना एकाच वेळी पडसं झालं होतं त्या वर्षी, कुणाच्या लक्षात आलं नाही.

मला मजा आली, खोटं कशाला बोलू? इतक्या वेगाने कपडेपट मी व्यावसायिक नाटकातही बदललेला नाही.

पण तुझ्या शाळेत तिला खायला मिळत नव्हतं. म्हणजे पनीर मिळायचं, राजमा मिळायचा, मशरूम मिळायचे. मासा नाही. दातिवऱ्याच्या माणसाच्या शाळेत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, सुकटीचा वास आला तर स्वयंपाक्याची नोकरी जायची. मुंबईच्या पालकांना चालत नाही म्हणायचास. भांडी घासायला मात्र दातिवऱ्याच्याच बाया. त्या आपला डबा मागच्या भिंतीआड उघडायच्या आणि नोई वासाच्या मागावर बरोबर तिथे पोचली. जिची फी सगळ्यात जास्त, ती मोरीच्या कट्ट्यावर बसून जवळ्याच्या चटणीला भाकर लावून खायची. बाया तिला बोलायला शिकवायच्या. इंग्रजी शिकायला आलेली पोरगी सहा महिन्यांत आपल्या आईसारखी बोलायला लागली. तू पालकांना सांगत होतास की ती इंग्रजीत विचार करते. ती दातिवऱ्यात विचार करत होती, दादा.

आणि तू? तू दर रविवारी कुठे असायचास, सांगू? सांगतेच. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत. टाय काढून खिशात, शर्टाच्या बाह्या वर, मावळ्यांच्या ढालींच्या ढिगावर बसून भाजलेले बोंबील आणि तांदळाची भाकर. नंतर लिंबाने हात, साबणाने हात, परत लिंबाने हात. बोटं हुंगून बघायचास, बडीशेप चावायचास आणि मग 'सर' होऊन मोटारीत बसायचास. त्या खोलीत तू 'हाय' आणि 'नाय' बोलायचास. दाराबाहेर पाऊल टाकलं की 'आहे' आणि 'नाही'. ड्रेपरीवाली मी, पण पोशाख बदलण्यात माझा हात तुझ्यापुढे काहीच नाही.

एका रविवारी नोई सुट्टी काढून आधीच येऊन बसली होती. तू पडदा सारून आत आलास आणि समोर थायलंड, हातात बोंबील. तुझा चेहरा! मी पदर तोंडात कोंबला. तू मागे फिरणार, तेवढ्यात नोईने सरकून ढालींवर जागा केली.

"बस ना. जवळा पण हाय," ती म्हणाली.

तू बसलास. तिने काटा कसा काढायचा ते तुला दाखवलं, तू तिला दाखवलंस. तिच्या आजीचं गाव पण असंच म्हणाली, घरासमोर बांबूवर मासळी सुकते, पोरांनी कावळे हाकायचे. तू विचारलंस, "काय फेकून मारता कावळ्याला?" ती म्हणाली, "चप्पल." तू इतका हसलास की ठसका लागला. तुझं ते हसणं मी लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं, सुटली पोरगी. माझा भाऊ माणूस आहे.

पुढच्याच आठवड्यात आजीने अंथरूण धरलं. नोई तुझ्या ऑफिसात आली. मी तिथे व्हिएतनामच्या टोपीचं माप घ्यायला आले होते, त्यामुळे मला पाठ आहे सगळं.

"सर, मना घरा जायाचं हाय. आजी बरी नाय."

तू आधी इकडेतिकडे पाहिलंस. तिची ती बोली दाराबाहेर कुणी ऐकली तर नाही ना, याची तुला काळजी. मग इंग्रजीत म्हणालास की बेटा, नक्की जा. आणि मराठीत माझ्याकडे बघून म्हणालास, "गॅदरिंग होऊ दे, मग बघू."

तिचा पासपोर्ट तुझ्या लोखंडी कपाटात होता. सुरक्षिततेसाठी. परदेशी मुलं वेंधळी असतात, हरवतात, असं तूच म्हणायचास. गॅदरिंग झालं. मग तू म्हणालास, इन्स्पेक्शन होऊ दे, मग बघू. ते झालं, मग परीक्षा. मग ओपन डे. आईचा बँकॉकहून फोन आला की तू मधासारखा बोलायचास, मुलीचं वर्ष बुडेल, मुलगी आमच्याच घरातली आहे, आजीसाठी आम्ही प्रार्थना ठेवली आहे. प्रार्थना खरंच ठेवलीस! तिच्यात नोईला पुढे उभं केलंस आणि फोटो काढलेस. त्या माउलीला तू हेडमास्तर वाटायचास. त्यांच्याकडे मास्तराला देवासारखं मानतात म्हणे. आपल्याकडेही मानायचे. तुझ्याआधी.

मग नोईने माझ्याकडचे कपडे घालणं बंद केलं. भांडली नाही, रडली नाही. मी जपान पुढे केला की हात खाली सोडून उभी राहायची. गणवेशातच स्टेजवर गेली, सातही वेळा. लोकांना सात देश एकसारखेच दिसले. लोकांचं काही बिघडलं नाही. तुझं बिघडलं.

तेव्हा मी तुला फोन केला. आपलं शेवटचं भांडण. मी म्हटलं, "तिला सोड दादा. म्हातारी तिकडं दाराकडे डोळे लावून बसलीय."

"एकच तर हाय माझ्याकडं तशी," तू म्हणालास. "ती गेली की बोर्डावर काय राह्यलं? जिग्नेश?"

मी म्हटलं, "सोडत नसशील तर तुझ्या पालकसभेत येऊन सांगते, रविवारी तू कुठे असतोस आणि काय खातोस."

पलीकडे तू दार लावून घेतलंस, ते ऐकू आलं. मग म्हणालास, "सांग." आणि फोन ठेवलास.

तो 'सांग' अजून माझ्या कानात आहे. सांग म्हणजे काय रे? सांग, माझं काय वाकडं होणार आहे, असं? की सांग बाई, मी थकलोय, असं? ते विचारायला मी रविवारची वाट बघत होते. बोंबील आणून ठेवले होते. तू शनिवारी सकाळी ऑफिसात टाय बांधता बांधता खुर्चीत बसलास आणि उठलाच नाहीस. माझे सगळे संवाद घशात ठेवून नट विंगेतून निघून गेला. याला नाटकात माफी नसते, दादा.

आणि हे पण लिहून टाकते, नाहीतर तू म्हणशील मंदी नुसतीच विखारी. माझा नवरा मला टाकून गेला तेव्हा सगळी भावकी सल्ले घेऊन आली होती. तू एक पत्र्याची पेटी घेऊन आलास. बंद पडलेल्या कुठल्याशा नाटक मंडळीची. उघडून एक जरीचा शेला माझ्या खांद्यावर टाकलास आणि म्हणालास, "रडायचंच असेल तर द्रौपदी होऊन रड. भाडं तरी येईल." त्या पेटीवर मी उभी आहे. नोईच्या पाठीवरचा जपान त्याच शेल्याचा होता. तू मला ज्याने सावरलंस, त्यानेच त्या पोरीला गुंडाळलंस. यावर मी रडावं की हसावं, हे मला ठरवता येईना, म्हणून मी तुझ्या दहाव्याची वाट बघितली.

ऋषभला मी अंत्यसंस्काराच्या दुसऱ्याच दिवशी विचारलं. "नोईचा पासपोर्ट दे. पोरीला जाऊ दे."

तो मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, "आत्या, ॲडमिशन होऊ देत, मग बघू."

तू गेलास कुठे रे? अर्धा तर इथेच आहेस.

दहावं दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर करायचं, हा हट्ट माझा. ऋषभला बोईसरातच उरकायचं होतं. मी म्हटलं, समुद्र आहे, मागे सुरूची झाडं आहेत. फोटोचा विचार करून तो लगेच तयार झाला. विश्वस्त आले, पांढऱ्या कपड्यांत पालक आले. परदेशी मुलं पुढच्या रांगेत. नोई मधोमध.

गुरुजींनी पिंड ठेवला. सगळे मागे सरले, हात जोडले. कावळा काही येईना.

आता मासेमाराच्या नातवाला हे ठाऊक हवं होतं. बोंबलांचे दिवस. किनाराभर मासळी सुकवायच्या वलांडी उभ्या, बांबूवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील सुकत घातलेले. गावातला प्रत्येक कावळा तिकडे. समोर एवढं ताट वाढलेलं असताना कुठला कावळा भाताचा मुटका खायला येईल? दातिवऱ्यात या दिवसांत दहावं असलं की म्हातारे आधी वलांडीवर पोरं उभी करायचे, कावळे हाकून पिंडाकडे लावायला. तुझ्या मुलाला कोण सांगणार? तू त्याला बोंबील दाखवला असतास तर कावळा समजला असता.

मला ठाऊक होतं. मी एकही पोर उभं केलं नव्हतं.

ऊन चढलं. पालक घड्याळं बघायला लागले. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल गेलेल्यांची. बोला, वचन द्या."

ऋषभ पुढे झाला. "बाबा, आपण स्विमिंग पूल बांधू."

कावळा नाही.

"बाबा, दुसरी शाखा काढू. डहाणूला."

नाही.

एक विश्वस्त म्हणाले, "सर, तुमचा पुतळा प्रवेशद्वारापाशी." मला वाटलं, या एकाला तरी येशील. पण नाही. मागे कुजबुज सुरू झाली. एक बाई दुसरीला म्हणाली, "काहीतरी अडकलंय हो सरांचं. हे काही बरं लक्षण नाही." ऋषभ मागे वळून वळून बघायला लागला. जिथे पालक कुजबुजले तिथे ॲडमिशन बुडाली, हे तूच त्याला शिकवलंस.

आता माझी एंट्री.

मी पदर सावरला. मघाशी येता येता वलांडीवरचा एक बोंबील त्या पदरात घेतला होता. मी पिंडासमोर गुडघ्यावर बसले आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दादा! मला माहीत आहे तुझा जीव कशात अडकलाय! शेवटच्या फोनवर तू मला म्हणाला होतास, मंदे, नोईला तिच्या आजीकडे पाठव. त्या पोरीचा पासपोर्ट माझ्या कपाटात आहे. तो दिल्याशिवाय मला गती नाही!"

काय शांतता झाली! अशी शांतता तिकीट काढून मिळत नाही.

सगळे ऋषभकडे बघायला लागले. गुरुजी म्हणाले, "वचन द्या हो, वेळ जातोय."

"आत्या, हे नंतर..." ऋषभ पुटपुटला.

"नंतर?" मी हुंदका दिला. चांगला दिला. "बाप उन्हात ताटकळतोय रे!"

मागून कुणीतरी म्हणालं, "द्या ना वचन. मुलीचा पासपोर्ट कशाला ठेवून घेतलाय?" हा प्रश्न पालकाच्या तोंडून आला, दादा. तेवढ्यासाठी तर मी सगळा सेट लावला होता.

ऋषभने हात जोडले. "देतो. आजच देतो. बाबा, आज संध्याकाळीच पाठवतो तिला."

"डोळे मिटा सगळ्यांनी," मी म्हटलं. मिटले. मी वाकून नमस्कार केला आणि पदरातला बोंबील पिंडाच्या मागे सोडला. मागे सरकायला फुरसत मिळाली नाही. माझ्या कानाला पंख लागला.

"शिवला! शिवला!" मी ओरडले. डोळे उघडून सगळ्यांनी तेच म्हटलं. त्या इंजिनिअरच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. गुरुजींनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, पण ते याच किनाऱ्यावरचे. त्यांनी पुढचा मंत्र सुरू केला.

कावळा बोंबील घेऊन उडाला. भाताला त्याने चोच लावली नाही. तुझा पिंड तसाच होता, दादा. माझ्याशिवाय हे एकाच व्यक्तीने पाहिलं. नोईने डोळे मिटले नव्हते. कावळे हाकण्यात वाढलेली पोरगी, ती कशाला मिटेल? ती हसली नाही. चेहरा कसा ठेवायचा हे तू तिला दोन वर्षं शिकवलं होतंस. फक्त तिने पायातली चप्पल थोडीशी वर उचलली, मला दिसेल इतकीच, आणि परत खाली ठेवली.

संध्याकाळी ऋषभने शाळेच्या फाटकाशी पासपोर्ट दिला. चार पालकांसमोर, फोटो काढून. त्याला आता पर्याय नव्हता, आणि एकदा पर्याय नाही म्हटल्यावर तो छान हसला. 'संस्थापकांची अंतिम इच्छा पूर्ण' असं खाली लिहून त्याने तो फोटो सगळीकडे पाठवला. तू आता दयाळू म्हणून प्रसिद्ध आहेस. ही माझी तुला शेवटची ड्रेपरी. भाडं नको.

विमानतळावर सोडायला मीच गेले. तिने सुकट मागितली होती. मी म्हटलं, तुझ्या आजीकडे समुद्र आहे की. म्हणाली, "आजीला दाखवायची हाय. आपली चांगली की तुमची." काल तिचा निरोप आला. वेळेत पोचली. आजी उठून बसली नाही, पण ओळखलं. पहिलं वाक्य बोलली ते असं की पोरगी काळी झाली आणि बोलते कशी ही आता. सुकट खाल्ली. त्यांच्याकडचीच चांगली म्हणाली. म्हातारी शुद्धीवर आहे.

मला एकच गोष्ट छळते. तुझी खरी इच्छा मला ठाऊक होती, दादा. ती 'एकच तर हाय माझ्याकडं तशी' हीच होती. मी तुझ्या पिंडावर उभी राहून धडधडीत खोटं बोलले आणि मला जराही वाईट वाटलं नाही. पण तो 'सांग' उरतोच. कधीकधी, दुकान झाडताना, ढालींच्या ढिगावर तुझी बसायची जागा खोलगट दिसते. तेव्हा वाटतं, मी खोटं बोललेच नसेन. तू 'सांग' म्हणालास आणि मी सांगितलं. असंही असेल. तुला आता विचारता येत नाही आणि विचारलं असतं तरी तू विषय बदलला असतास.

आता तू जिथे गेला आहेस तिथे तू परदेशी. भाषा कळत नसेल. जेवण सपक असणार, आणि बोंबील तर नाहीच. तुला स्वच्छ कपडे घालून पहिल्या रांगेत बसवतील, नवीन कुणी आलं की दाखवतील, हा पालघरचा. आज पालघर, उद्या उशी बांधून आणखी कुठला. गप्प बस आणि हसत राहा. आणि एखाद्या रविवारी तुला फारच आठवण झाली, इकडे मागच्या खोलीत यावंसं वाटलं, तर तिथे टेबलामागे जो कुणी बसला असेल त्याच्यापुढे हात जोडून उभा राहा आणि आपल्या भाषेत सांग, मना घरा जायाचं हाय.

तो कपाटाला कुलूप आहे ना ते बघेल, गोड हसेल आणि तुला म्हणेल: गॅदरिंग होऊ दे, मग बघू.

तुझी,
मंदी